नॉर्मलची रेघ

प्रयोगशाळेत तिला सगळे 'नॉर्मल' म्हणायचे. तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला माहीत होतं, आणि ते यंत्रही अधूनमधून विसरायचं. 'नॉर्मल आली का?', 'नॉर्मल जेवायला गेलीय', 'नॉर्मलला विचार, किल्ली तिच्याकडेच असेल', असं दिवसभर चालायचं. नवीन माणूस रुजू झाला की सुरुवातीला त्याला वाटायचं, इथे बाकीचे सगळे तऱ्हेवाईक असतील म्हणून एकीलाच ही पदवी दिली असावी. तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

प्रयोगशाळा एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात होती. एका बाजूला धुलाईघर, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनच्या सिलिंडरांची खोली, आणि मधे ही माणसं पेशी मोजत बसलेली. गरोदरपणात ज्या बायकांचा रक्तदाब चढतो, त्यांचं रक्त वरच्या मजल्यावरून काचेच्या छोट्या नळ्यांत भरून खाली यायचं. प्रश्न असा होता, की यांच्या रोगप्रतिकारशक्तीत नेमकं काय बिनसतं?

बाळ म्हणजे निम्मं आईचं, निम्मं बापाचं. शरीराच्या नजरेनं निम्मं परकंच. एरवी परकं काही आत शिरलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर धावून जातात. पण बाळाच्या बाबतीत त्यांनी कानाडोळा करायचा असतो, नाहीतर बाळाला पोसणारी वार गर्भाशयात नीट रुजायची नाही. म्हणून काही पेशी बाकीच्यांची समजूत घालत फिरतात. प्रयोगशाळेत त्यांना 'समजूतदार' म्हणत आणि उगाच अंगावर येणाऱ्यांना 'तापट'. निरोगी गरोदर बाईत समजूतदार वाढतात आणि तापट गप्प बसतात. रक्तदाब चढलेल्या बायकांत बहुतेक वेळा उलटं दिसतं. वारेला रक्त पुरत नाही, बाई सुजते, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

हे सगळं तिनं एकदा घरी सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. सासूबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणजे बाळाचा जो भाग सासरचा, त्याच्याशी सुनेचं रक्त भांडतं. एवढंच ना?"

"तसं नाही हो आई, पण... हो, साधारण तसंच."

"मग यात तुम्ही नवीन काय शोधलंत?"

तर आजारी कोण हे ठरवायचं, तर निरोगी कोण हे आधी ठरवावं लागतं. आणि इथेच घोडं अडत होतं. निरोगी गरोदर बाई आपणहून तळघरात येऊन हातात सुई कशाला टोचून घेईल? सुरुवातीला सरांनी कुठून कुठून गोड बोलून चारपाच जणी जमवल्या होत्या. त्या यथावकाश बाळंत झाल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत. सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, पुन्हा निरोगी बाईच्या शोधात वणवण करू लागले. अशात हिला दिवस गेले. बातमी ऐकून नवऱ्याला आनंद झाला तो झालाच, पण सरांचा चेहरा जो उजळला त्याला तोड नव्हती. अभिनंदन त्यांनी नंतर केलं. आधी विचारलं, "रक्त देशील ना?"

तेव्हापासून दर सोमवारी ती बाही वर करून बसायची. तिचं रक्त यंत्रात जायचं, पडद्यावर ठिपक्यांचा ढग उमटायचा आणि त्या ढगाच्या कडेनं सर एक रेघ ओढायचे. नॉर्मलची रेघ. त्या आठवड्यात वरून आलेल्या बायकांना त्या रेघेनं मोजायचं. रेघेच्या आत ती निरोगी, बाहेर ती आजारी. खरं तर निरोगी गटातल्या बाईचा दर वेळी रक्तदाब मोजायचा असा नियम सरांनीच केला होता. सुरुवातीला तो पाळलाही गेला. मग एका सोमवारी दाब मोजायचा पट्टा सापडेना, तेव्हा सर म्हणाले, "जाऊ दे. हिचा काय मोजायचा? ही नॉर्मल आहे." नंतर पट्टा सापडला, पण नियम हरवला तो हरवलाच.

तिलाही ते आवडलं होतं, हे कबूल करायला हवं. याआधी दोनदा तिच्या पोटात बाळ राहिलं होतं आणि दोन्ही वेळा टिकलं नव्हतं. दोन्ही वेळा डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता तिच्या कागदांकडे बघत 'काहीतरी बिघडलंय' असं म्हटलं होतं. काय बिघडलंय ते कोणालाच सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून ती आपल्या अंगाकडे चोराकडे बघावं तसं बघायची. आणि आता एक अख्खी प्रयोगशाळा तिला दिवसातून पन्नास वेळा नॉर्मल म्हणून हाक मारत होती. अशी हाक सोडून देणं सोपं नसतं. तिला ते बाळ हवं होतं, इतकं हवं होतं की रात्री पोटावर हात ठेवल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

सातव्या महिन्याच्या आसपास अंगठी बोटातून निघेना. तिनं साबण लावून ती काढली आणि ठेवून दिली. चपलांचा पट्टा रुतायला लागला, तेव्हा एक माप मोठ्या चपला घेतल्या. गरोदर बायकांचे पाय सुजतातच. डोकं दुखायचं, तेव्हा तळघरातल्या मिणमिणत्या ट्यूबलाइटवर खापर फोडलं आणि ती ट्यूब बदलून घेतली. डोकं तरी दुखतच राहिलं, तेव्हा नवीन ट्यूब फार प्रखर आहे असं ठरवलं.

सासूबाईंना स्वतःला रक्तदाब होता, त्यामुळे घरात दाब मोजायचं छोटं यंत्र होतं. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तोंड जरा सुजल्यासारखं दिसतंय तुझं. ये, दाब बघू."

तिनं हात पुढे केला. यंत्र घरघरलं आणि त्यानं एक आकडा दाखवला. तो आकडा वरच्या मजल्यावरच्या कुठल्याही बाईचा असता, तर तिनं स्वतः धावत जाऊन नर्सला सांगितला असता.

"आई, तुमचं यंत्र बिघडलंय," ती म्हणाली.

"सकाळी तर बरं होतं."

तिनं सेल बदलले. पुन्हा तोच आकडा, किंचित वरच. "बघा, म्हटलं ना? जास्त दाखवतंय. चांगलं वीसेक जास्त."

सासूबाई मुलांना गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी त्या दिवसापासून आपल्या आकड्यातून रोज वीस वजा करायला सुरुवात केली. वजाबाकीनंतर दाब इतका छान येऊ लागला, की त्यांनी रात्रीची गोळी बंद केली आणि जेवताना वरून मीठही घ्यायला लागल्या. सून शास्त्रज्ञ असल्याचा एवढा उपयोग त्यांना आजवर झाला नव्हता.

तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनाही दाब चढलेला दिसला होता. ओळखीच्याच होत्या. तिनं हसून सांगितलं, "काही जणांना पांढरा कोट बघितला की दाब चढतो ना, तसं झालं असेल माझं."

"अगं, तू स्वतः दिवसभर पांढरा कोट घालून फिरतेस."

"मग आरशात बघून चढत असेल."

दोघी हसल्या. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला सांगितली आणि पुढच्याच आठवड्यात परत ये म्हणून बजावलं. पण पुढच्या आठवड्यात तिला सवड कुठली? प्रयोगशाळेत आभाळ कोसळलं होतं.

झालं असं, की आजारी बायका आजारी दिसेनात. वरच्या मजल्यावर बिचाऱ्या दोन्ही पाय उशीवर ठेवून, दिवे मालवून, कण्हत पडलेल्या. आणि खाली पडद्यावर त्यांचे ठिपके नॉर्मलच्या रेघेला खेटून बसलेले. आधी एखादीच रेघेच्या आत आली. मग दोघी आल्या. मग तर आत येणाऱ्यांची रीघ लागली. सरांचा लेख अर्धा लिहून झाला होता. आजारी आणि निरोगी यांच्यात स्पष्ट फरक आहे, हे त्याचं पहिलंच वाक्य होतं. तो फरक आता आठवड्या-आठवड्याला बारीक होत चालला होता.

"कुठेतरी पाणी मुरतंय," सर म्हणाले आणि त्यांनी शोधमोहीम काढली. आधी रसायनांवर संशय घेतला, सगळ्या बाटल्या फेकून नव्या मागवल्या. मग फ्रीजवर संशय घेतला. मग यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर आला. त्यानं यंत्र उघडलं, फुंकर मारली, चहा प्यायला आणि यंत्र ठणठणीत आहे असं सांगून निघून गेला. मग धुलाईघराच्या यंत्रांमुळे जमीन थरथरते म्हणून टेबलाखाली रबर घातलं. शेवटी संशय घ्यायला खाली कोणी उरलं नाही, तेव्हा सरांनी तो वर नेला.

"हल्ली बायका पूर्वीसारख्या मनापासून आजारी पडत नाहीत," ते खिन्नपणे म्हणाले.

"असं कसं सर? वर एकीला काल झटके आले."

"मग तिच्या पेशींना ते कळलेलं दिसत नाही."

एवढी झाडाझडती झाली, पण रेघ कोणाच्या रक्तावर ओढतो याचा विचार कोणाच्याही मनाला शिवला नाही. शिवणार कसा? जी नॉर्मल आहे तिच्यावर संशय घ्यायचा, तर मग मोजायचं कशानं? चोर पकडायला निघालेल्या माणसानं सगळी गल्ली पालथी घालावी आणि हातातली बॅटरीच चोरीची निघावी, असला हा प्रकार होता.

युक्ती तिनंच काढली. फ्रीजरच्या तळाशी त्या पहिल्या चारपाच निरोगी बायकांचं रक्त गोठवून ठेवलेलं होतं. "या वेळी रेघ त्यांच्यावर ओढू या," ती सरांना म्हणाली. "आणि वरून आलेल्या नळ्या नावं झाकून मोजू. यंत्र चांगलं की वाईट, एकदाचा निकाल लागू दे."

सर खूश झाले. तिनं त्यांना एक गोष्ट मात्र सांगितली नाही. वरून आलेल्या नळ्यांमध्ये तिनं नाव झाकून आपलीही एक नळी ठेवली होती. हिशेब सोपा होता. यंत्र खरं असेल, तर ती नळी झक्कत रेघेच्या आत पडेल. मग सरांना सांगायचं, बघा, नॉर्मल ती नॉर्मलच, दोष वरच्या नळ्या गोळा करणाऱ्यांचा. असं म्हणताना आपण कसं हसायचं, हेसुद्धा तिनं ठरवून ठेवलं होतं.

जुन्या रक्तावर रेघ ओढली गेली. ती पाहून सर जरा थबकले, कारण ती गेल्या सोमवारच्या रेघेपासून बरीच लांब पडली होती. पण पहिली नळी मोजली गेली आणि ठिपके रेघेच्या चांगले बाहेर जाऊन पडले, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. दुसरी बाहेर. तिसरी बाहेर. सर आता खुर्चीत मागे रेलून बसले होते आणि बोटांनी टेबलावर ताल धरत होते. ती त्यांच्या मागे उभी राहून आपल्या नळीची वाट बघत होती. डोकं ठणकत होतं.

पुढची नळी मोजली गेली आणि सर एकदम पुढे वाकले.

"अरे वा," ते म्हणाले. "ही बघ. याला म्हणतात केस. समजूतदार औषधालासुद्धा शिल्लक नाहीत, आणि तापट बघ कशा वर चढून बसल्यात. वर्षभरात इतकं स्वच्छ चित्र मिळालं नाही. लेखात हेच छापायचं." ते प्रेमानं पडद्याकडे बघत राहिले. "कोणत्या वॉर्डातली आहे बघ. आणि बाळंत झाली नसेल तर आत्ताच्या आत्ता आणखी रक्त मागव. अशा बायका फार वेळ हाताशी राहत नाहीत."

तिनं उरलेल्या नळीकडे बघितलं. अजून एक बाकी होती. ती आपली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. ती मोजली गेली. तीही बाहेर पडली, पण थोडीशीच. रेघेच्या आत कोणीच नव्हतं.

तिनं झाकलेल्या चिठ्ठ्या उघडून बघितल्या नाहीत. गरज नव्हती. आपली नळी शेवटून दुसरी ठेवली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. अंगठी, चपला, ट्यूबलाइट, सासूबाईंचं यंत्र, सगळं एका ओळीत येऊन तिच्यासमोर उभं राहिलं. इतकी वर्षं ती हे शिकली होती, परदेशी पाहुण्यांना समजावून सांगत होती, आणि ते तिच्याच अंगात चालू असताना ती ट्यूब बदलत बसली होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला. आणि त्या रागाच्या खाली भीती होती, बाळाची. सकाळपासून ते हललं होतं का? तिला आठवेना.

"कोणत्या वॉर्डातली?" सरांनी मागे न बघता पुन्हा विचारलं.

"वॉर्डातली नाही सर. तळघरातली आहे."

"तळघरात कोण पेशंट आहे?"

"मी आहे."

सर वळले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पायांकडे बघितलं. रोज समोर वावरणारी बाई त्यांनी बहुधा पडद्याशिवाय पहिल्यांदाच बघितली असावी. "म्हणजे गेले कित्येक आठवडे आपला सगळा डेटा..." त्यांनी सुरुवात केली. मग, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, ते वाक्य त्यांनी गिळलं. चाकांची खुर्ची तिच्या मागे सरकवून तिला बसवलं आणि स्वतः ढकलत लिफ्टकडे निघाले. त्या खुर्चीचं एक चाक वाकडं होतं, त्यामुळे ती सारखी धुलाईघराकडे वळायची. मैल्या चादरींच्या ढिगाला दोनदा धडकून ते लिफ्टपर्यंत पोचले.

लिफ्टमध्ये सर म्हणाले, "दाब मोजायला हवा होता."

"नियम तुमचाच होता."

"हो," सर म्हणाले आणि मजल्यांच्या दिव्यांकडे बघत राहिले.

वर नर्सनं पट्टा बांधून दाब मोजला. आकडा बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे यंत्र बिघडलंय वाटतं. थांबा, दुसरं आणते."

"यंत्र बरोबर आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टरीणबाई आल्या. या वेळी कोणी हसलं नाही. हाताला सुई लागली, औषध सुरू झालं, पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र ठेवलं. ठोके सापडेपर्यंत ती छताकडे बघत होती. ते सापडले, घोड्यासारखे धावत होते. या दुखण्याला वार बाहेर काढणं हाच एक इलाज, आणि वार बाहेर येणार म्हणजे बाळही येणार, वेळ झालेली असो वा नसो. हे डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं आणि सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आलं, की हे तिला सांगायची गरज नाही. तरी तिनं मधे तोडलं नाही. आपल्याला कोणी सांगावं, असं तिला त्या वेळी वाटत होतं.

नवऱ्याला निरोप गेला होता, तो वाटेत होता. तेवढ्यात तिनं घरी फोन लावून घेतला.

"आई, तुमचं यंत्र बरोबर आहे. वीस वजा करू नका. गोळी आजपासून सुरू करा आणि वरचं मीठ बंद."

सासूबाईंनी आयुष्यभर मुलांची गणितं तपासली होती, त्यांना उत्तर कळायला वेळ लागला नाही.

"म्हणजे तेव्हाचा तुझा आकडाही बरोबर होता," त्या म्हणाल्या. "माझं काय घेऊन बसलीस? तू कशी आहेस ते सांग."

"चांगली नाही, आई," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं हे वाक्य उच्चारलं होतं. मग ती रडली, आणि सासूबाई फोन न ठेवता ऐकत राहिल्या.

मुलगा झाला. एवढासा, ओंजळीत मावेल असा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं आणि हिला शेजारच्या खोलीत. पहिले काही दिवस दोघांचंही काही खरं नव्हतं. मग तिचा दाब हळूहळू उतरू लागला, सूज ओसरली. नवरा दिवसभर दोन खोल्यांच्या मधल्या बोळात उभा असायचा, कारण कोणाजवळ थांबायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

सर भेटायला आले ते हात पाठीमागे बांधून. हवापाण्याचं बोलले. तळघरातली ट्यूब पुन्हा मिणमिणतेय असं सांगितलं. निरोगी गटासाठी नव्यानं शोध सुरू आहे, या खेपेला एकीवर भागवणार नाही, हेही सांगितलं. जायला निघाले, पण जाईनात. त्यांच्या कोटाच्या खिशातून एका रिकाम्या नळीचं झाकण डोकावत होतं.

तिनं हात पुढे केला. "कोणत्या गटात घालणार मला?"

सरांनी मान खाली घातली. "दुसऱ्या."

"आधी दाब मोजा," ती म्हणाली. सरांनी मुकाट्यानं पट्टा आणून दाब मोजला, आणि मगच रक्त घेतलं.

त्या दुपारी तिला पहिल्यांदा चाकांच्या खुर्चीतून काचेच्या पेटीपाशी नेलं. या खुर्चीची चाकं सरळ होती. बाळ झोपलं होतं. त्याच्या छातीवर चिकटवलेल्या तारा त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होत्या. तिथल्या नर्सनं पेटीच्या कडेचं यंत्र बघितलं आणि समाधानानं म्हणाली, "सगळं नॉर्मल आहे हं बाळाचं."

ती खुर्चीत ताठ बसली. "कोणाच्या तुलनेत?"

"काय म्हणालात?"

"नॉर्मल म्हणजे कोणाच्या तुलनेत नॉर्मल?"

नर्सनं तिच्याकडे जरा दयेनं बघितलं. बाळंतपणानंतर बायका काहीबाही विचारतात, हे तिच्या सवयीचं असावं. "अहो, छान आहे बाळ. आत्ताच तर सगळं मोजलं मी."

तिनं काचेवर हात ठेवला. आत निम्मं तिचं आणि निम्मं सासरचं असं ते बाळ, कोणाशीही न भांडता झोपलं होतं.

"परत मोजा," ती म्हणाली.